विंचवाची नांगी, पेशीचं दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या मुक्ताईनगरला पूर्वी एदलाबाद म्हणत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. जवळच कोथळीला मुक्ताईचं देऊळ आहे, आणि दरवर्षी आषाढीच्या कितीतरी आधी मुक्ताईची पालखी इथून पंढरीच्या वाटेला लागते. मुक्ताबाईंच्या एका प्रसिद्ध कूट अभंगात सगळ्या उलटसुलट गोष्टी घडतात. त्यात मुंगी आणि माशीच्या जोडीला विंचूही आहे. पुढे एकनाथांनी तर विंचवावर अख्खं भारूडच रचलं, आणि तो विंचू म्हणजे कामक्रोध असं सांगून लोकांना हसत हसत विचार करायला लावलं. संतांनी उपमा शोधायला दूर जायची गरज नव्हती. ज्याला आपल्या बोलीत 'इच्चू' म्हणतात तो प्राणी बांधावरच्या दगडाखाली, सरपणात, घराच्या कौलात आणि चपलेतही सापडायचा. आजही सापडतो.

या विंचवाचा संबंध आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या दाराशी आहे. त्या दाराचा शोध लागण्याची गोष्ट जगाच्या तीन-चार टोकांना घडली. त्यातलं एक टोक महाराष्ट्रात, कोकणातल्या महाडजवळ आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र त्याचा उल्लेख सहसा नसतो.

आधी गावातल्या उपचारांविषयी दोन शब्द. विंचू चावला की मांत्रिकाकडे न्यायचं, आघाड्याचं मूळ उगाळून लावायचं, विंचू 'उतरवायचा', ही पद्धत पिढ्यानपिढ्यांची. तिची टिंगल करणं सोपं आहे. पण ती इतकी वर्षं टिकली कशी, याला कारण आहे. आपल्याकडे ढोबळमानानं दोन तऱ्हेचे विंचू दिसतात. एक काळा, मोठा, जाडजूड नांग्यांचा. त्याला लोक इंगळी म्हणतात. तो दिसायला भयंकर असला, तरी त्याच्या दंशानं सहसा जीव जात नाही; वेदना होते आणि काही तासांनी आपोआप ओसरते. तेवढ्यात मांत्रिकानं मंत्र म्हटलेला असतो, आणि श्रेय त्याला मिळतं. दुसरा विंचू लाल किंवा तांबूस, अंगानं लहान, पुढच्या नांग्या बारीक आणि शेपूट जाड. हा खरा घातकी. याच्यापुढे मंत्र चालत नाही, पण तो हरल्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. रुग्ण गेला तर 'उशीर झाला' किंवा 'नशिबात नव्हतं' असं म्हणून विषय संपतो.

या लाल विंचवाला शास्त्रीय नाव दिलं ते 1798 साली, फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञानं. त्यानं त्याला 'टॅम्युलस' म्हटलं, म्हणजे तमिळ मुलखातला. नावाचा पहिला भाग नंतर दोनदा-तीनदा बदलला: ब्यूथस, मेसोब्यूथस आणि आता हॉटेंटोटा. टॅम्युलस हा भाग मात्र कायम राहिला.

कोकणात या विंचवानं माणसं मरतात, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. 1961 साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी साठून येणाऱ्या मृत्यूंविषयी लिहिलं होतं. पण उपाय काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तिथे 1976 च्या सुमारास एक तरुण डॉक्टर आला. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेचा हा मुलूख, म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नाही. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि नेमणूक झाली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे त्यांना दिसलं ते असं. धडधाकट मूल किंवा शेतात काम करणारा माणूस विंचू चावला म्हणून येतो. सुरुवातीला उलट्या, अंगाला घामाच्या धारा, हातपाय बर्फासारखे गार. मग रक्तदाब चढतो, छाती धडधडते, खोकला सुरू होतो, तोंडातून गुलाबी फेस येतो. आणि चोवीस-छत्तीस तासांत सगळं संपतं. गंमत म्हणावी की दुर्दैव, अशा रुग्णाला दंशाच्या जागी फारशी वेदना नसायची. कमी वेदना असलेला रुग्ण अधिक धोक्यात, हे डॉक्टरच्या नेहमीच्या समजुतीच्या अगदी उलट होतं.

बावस्करांनी केलं ते काम साधं होतं, पण ते कोणी सलग केलेलं नव्हतं. ते रुग्णाच्या खाटेशी बसले. नाडी, रक्तदाब, हातापायाची ऊब, घाम, तासातासाला टिपत राहिले. पुढे पुण्याला एम. डी. करून ते परत कोकणातच गेले. 1982 साली 'लॅन्सेट' या ब्रिटनमधल्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला, तो विंचूदंशात हृदयावर संकट येण्यापूर्वीची लक्षणं ओळखण्याविषयी. तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या डॉक्टरचा लेख लॅन्सेटमध्ये छापून येणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आजही नाही.

आता तो रोगी असा का मरतो, हे समजायला आपल्याला पेशीच्या दारापाशी जावं लागेल.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तो मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे तेला-तुपाच्या जातीचा. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी दाखवलं की हा पडदा स्निग्ध रेणूंच्या अवघ्या दोन थरांचा असतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, हे कुठल्याही स्वयंपाकघरात कळतं. त्यामुळे पाण्यात विरघळलेलं मीठ या पडद्यातून आरपार जाऊ शकत नाही. मिठातला सोडियम पेशीच्या बाहेर जास्त आणि आत कमी, तर पोटॅशियम आत जास्त आणि बाहेर कमी, अशी वाटणी आपल्या शरीरात असते. ती टिकवण्यासाठी पेशीच्या पडद्यात एक पंप रात्रंदिवस चालतो. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. डेन्मार्कच्या येन्स स्काऊंनी 1957 साली हा पंप शोधला, आणि त्याचं नोबेल त्यांना 1997 साली मिळालं. चाळीस वर्षांनी!

पण पंपानं पाणी नुसतं टाकीत चढवून ठेवलं, तर शेताला काय उपयोग? पाटाला दारं हवीत. कधी उघडायची, किती वेळ, कुणासाठी, हे ठरलेलं हवं. पेशीच्या पडद्यात अशी दारं आहेत. ती प्रथिनांची बनलेली असतात, म्हणजे डाळीत आणि अंड्यात जो पदार्थ असतो त्याच जातीची. लांबलचक प्रथिनाची साखळी पडद्यात आरपार विणल्यासारखी बसते, आणि मध्ये एक बोगदा राहतो. वाहिनी प्रथिन म्हणतात ते हेच. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, पाण्याचंही वेगळं. पाण्याचं दार अमेरिकेतल्या पीटर ॲग्रे यांना तांबड्या रक्तपेशींत सापडलं. तेही शोधत होते दुसरंच काही.

मज्जातंतूमधून निरोप जातो तो या दारांच्या उघडझापीनं. एका जागचं सोडियमचं दार उघडतं, बाहेरचा सोडियम आत घुसतो, त्यामुळे विजेचा एक झटका निर्माण होतो, त्या झटक्यानं शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. आणि पहिलं दार? ते एखाद-दोन सहस्रांश सेकंदात आपोआप बंद होतं. हे आपोआप बंद होणं फार महत्त्वाचं आहे. दार बंद झालं नाही तर निरोप संपणारच नाही.

हे गणित मांडलं ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोन इंग्रजांनी. समुद्रातल्या स्क्विड नावाच्या प्राण्याचा एक मज्जातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि त्यात बारीक तार घालता येते. प्लिमथच्या किनाऱ्यावर 1939 च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं आणि लगेच महायुद्ध पेटलं. दोघंही युद्धकामाला गेले. उरलेलं काम युद्धानंतर. केंब्रिजचा संगणक त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद होता म्हणून हक्सलींनी ती सारी आकडेमोड हातानं फिरवायच्या यंत्रावर, दांडा फिरवून फिरवून केली. 1952 साली त्यांचे लेख प्रसिद्ध झाले, 1963 साली नोबेल मिळालं. पण त्यांनी ते दार पाहिलं नव्हतं. आकडे सांगत होते की दार असलंच पाहिजे, एवढंच.

एकेका दारातून जाणारा विजेचा प्रवाह मोजता आला तो 1976 साली, जर्मनीत एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांना. काचेच्या नळीचं अतिशय बारीक टोक पेशीच्या पडद्याला चिकटवून त्यांनी तो मोजला. दार उघडलं की प्रवाह सुरू, बंद झालं की थांबला; पायरीसारखी सरळ रेघ वर आणि सरळ रेघ खाली. योगायोग असा की बिरवाडीत बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण पाहू लागले तो काळही हाच. दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं.

विंचवाचं विष याच दारावर घाव घालतं. त्या विषात अनेक लहान लहान प्रथिनं असतात. त्यातली काही सोडियमच्या दाराला जाऊन चिकटतात आणि त्याला बंदच होऊ देत नाहीत. जणू कोणी दारात पाचर ठोकावी. मज्जातंतू पुन्हा पुन्हा, न थांबता निरोप पाठवत राहतात. घाम आणा, उलटी करा, असे निरोप आधी जातात. पाठोपाठ ॲड्रिनॅलिन आणि तशीच द्रव्यं रक्तात लोटली जातात. वाघ समोर आल्यावर क्षणभरासाठी जी द्रव्यं सुटावीत, ती तासन् तास सुटत राहतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते म्हणून. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, आणि तिथलं पाणी फेसाच्या रूपानं वर येतं.

दंशाच्या जागी डॉक्टर बधिर करायचं इंजेक्शन देतात, दात काढताना देतात तेच. तेही सोडियमच्या दारावरच काम करतं, फक्त उलट दिशेनं. ते दार अडवून धरतं, म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. पण ते त्या एवढ्याशा जागेपुरतंच देता येतं. सगळ्या शरीरातली दारं अडवली तर हृदयही थांबेल.

मग करायचं काय? बावस्करांनी दाराकडे न जाता पुढचा टप्पा धरला. निरोप सुटतोच आहे ना, मग तो जिथे पोचतो तिथे अडवू. रक्तवाहिन्यांवर ॲड्रिनॅलिन ज्या जागी बसतं ती जागा आधीच व्यापून टाकणारं एक औषध रक्तदाबासाठी बाजारात आलेलं होतं, प्राझोसिन. त्याआधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध वापरून पाहिलं होतं. त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, पण थेंबाथेंबावर आणि मिनिटामिनिटाला रक्तदाबावर नजर ठेवावी लागते. खेड्यातल्या दवाखान्यात हे कसं जमणार? प्राझोसिनची तर साधी गोळी. 1986 साली हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी याविषयी पुन्हा लॅन्सेटमध्येच लिहिलं. त्यांच्या लेखांतले आकडे असे: प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर रुग्णांपैकी शेकडा 25 ते 30 दगावत, नंतर हे प्रमाण शेकडा 1 च्या खाली आलं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर उपचार चालतो आहे की नाही हे पाहायची रीत. गोळी दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. नर्सनं किंवा आईनं तळव्याला हात लावून पाहायचं. (रुग्णाला मात्र आडवंच ठेवायचं, कारण या गोळीनं एकदम उठल्यावर चक्कर येते. आणि गोळी डॉक्टरच्या देखरेखीखालीच, हे वेगळं सांगायला नको.)

इकडे हे चालू असताना तिकडे प्रयोगशाळांत विंचवाला वेगळंच महत्त्व आलं होतं. 1984 साली जपानच्या क्योतो विद्यापीठात शोसाकु नुमा यांच्या चमूनं विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशातल्या सोडियमच्या दाराची पूर्ण साखळी वाचली. 1820 मण्यांची माळ ती! पण माळ वाचता आली म्हणून दार कसं दिसतं ते कळत नाही. बोगदा कुठे आहे, तोंड कुठे आहे, हे शोधायला असं काहीतरी हवं होतं जे नेमकं दाराच्या तोंडातच जाऊन बसेल. बुचासारखं. ते बूच विंचवाकडे तयार होतं, कारण त्याच्या विषात सोडियमचं दार उघडं ठेवणारी प्रथिनं असतात तशी पोटॅशियमचं दार बंद करणारीही असतात.

1985 साली अमेरिकेत ख्रिस्तोफर मिलर यांच्या प्रयोगशाळेनं मध्यपूर्वेतल्या एका विंचवापासून असं एक प्रथिन वेगळं केलं. 1990 साली आपल्या लाल विंचवाची पाळी आली. त्याच्या विषातून 37 मण्यांचं एक छोटं प्रथिन निघालं, ते पोटॅशियमच्या एका विशिष्ट जातीच्या दारालाच अडवतं, दुसऱ्या जातीच्या दाराला हात लावत नाही. त्याला नाव मिळालं आयबेरिओटॉक्सिन. नाव ऐकून स्पेन-पोर्तुगालचा आयबेरिया डोळ्यांपुढे येतो; विंचू मात्र इथला. रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय यांच्या स्नायूंत हे दार काय काम करतं ते शोधण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आयबेरिओटॉक्सिन विकत घेतात. मायक्रोग्रॅमच्या मापात, चांगलं महाग.

मिलर यांच्याकडे रॉडरिक मॅकिनन नावाचा एक डॉक्टर आला. वैद्यकीचं सगळं शिक्षण झालेलं, आणि तिशीच्या सुमारास त्यानं दवाखाना सोडून प्रयोगशाळा धरली. विंचवाच्या त्या बुचाच्या मदतीनं त्यानं पोटॅशियमच्या दाराचं तोंड शोधलं, दार चार सारख्या तुकड्यांचं असतं हे दाखवलं. 1998 साली मातीतल्या एका जिवाणूपासून घेतलेल्या पोटॅशियमच्या दाराचं क्ष-किरणांनी काढलेलं चित्र त्याच्या गटानं जगापुढे ठेवलं. जिवाणूचं दार आणि आपल्या मेंदूतलं दार खरोखर एकाच घडणीचं आहे का, ही शंका होतीच. तीही विंचवाच्या विषानंच तपासली. जिवाणूच्या दारात किरकोळ बदल केल्यावर विष त्याला बरोबर जाऊन चिकटलं.

त्या चित्रानं एक जुनं कोडं सुटलं. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. मग ज्या बोगद्यातून मोठा पोटॅशियम जातो, त्यातून लहान सोडियम का जात नाही? दहा हजार पोटॅशियम गेले तर जेमतेम एखादा सोडियम निसटतो. आणि हे सगळं सेकंदाला सुमारे दहा कोटी आयनांच्या वेगानं! उत्तर असं. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. आत शिरायचं तर ते कडं उतरवून ठेवावं लागतं, आणि ते उतरवणं आयनाला महागात पडतं. बोगद्याच्या अरुंद भागात प्राणवायूचे अणू अशा अंतरावर मांडलेले आहेत की पोटॅशियमला पाण्याचं कडं सोडल्याची उणीव भासत नाही. तेवढाच आधार चारी बाजूंनी मिळतो. सोडियम लहान पडतो, त्याचा हात चारी भिंतींना पुरत नाही, म्हणून तो पाण्याचं कडं सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतो. मोठ्याला वाट आणि लहानाला मज्जाव! मुक्ताबाईंच्या कूट अभंगात शोभावं असंच हे.

2003 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मॅकिनन आणि ॲग्रे यांना विभागून मिळालं.

महाडचं काम त्यानंतरही थांबलं नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये, म्हणजे वाल्देमार हाफकिन यांनी 1899 साली परळला ज्या जागी प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा थाटली त्या परंपरेतल्या संस्थेत, विंचवाच्या विषावरचं प्रतिविष तयार झालं. ते विषालाच धरतं. बावस्कर दांपत्यानं 70 रुग्णांवर तुलना केली. काहींना नुसतं प्राझोसिन, काहींना प्राझोसिन आणि प्रतिविष. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी 8 तासांत सावरले, नुसत्या गोळीवरचे 18 तासांच्या आसपास. 2022 साली हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

विंचूदंशाचे रुग्ण वाढतात ते एप्रिल ते जून, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, असं बावस्करांच्या नोंदी सांगतात. आपल्याकडे पहिला काळ म्हणजे उन्हाळी मशागतीचा, पेरणीच्या तयारीचा, अंगणात आणि गच्चीवर झोपायचा. मुक्ताईची पालखी निघते तीही याच सुमाराला. रस्त्याकडेच्या शाळेत, झाडाखाली, कुणाच्या ओसरीवर सतरंजी अंथरून वारकरी रात्र काढतात. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला जाणारा शेतकरी बॅटरी धरतो ती पुढच्या वाटेवर, पायाखाली नव्हे. यांच्यापैकी कुणाला चावला, आणि चावल्यावर ठणक कमी पण घाम फार, उलटी, हात गार असं दिसलं, तर 'फार दुखत नाही, सकाळी पाहू' हे म्हणायचं नाही. तळव्याला हात लावून पाहा. गार असेल तर गाडी काढा.